चिठ्ठ्या आमच्या, निकाल तुमचा: मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीतले सर्व सभासद,
स. न. वि. वि.

परवा ग्रुपवर आणि वाचनालयाच्या बोर्डावर तुमची नोटीस वाचली. चित्रपट कट्ट्यावर दाखवलेला 'राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स' बहुसंख्य प्रेक्षकांना आवडला नाही, शेवट अर्धवट वाटला, माकडांचे सिनेमे मुलांना ठीक आहेत पण मंडळाच्या दर्जाला शोभत नाहीत, आणि म्हणून याच मालिकेतले आधी जाहीर केलेले पुढचे दोन सिनेमे रद्द, असं त्यात आहे. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. नोटीस सगळ्यांसमोर लागली म्हणून माझं म्हणणंही सगळ्यांसमोर मांडतेय. कोणाचा अपमान करायचा नाहीये, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना काका-काकू म्हणतच मी या मंडळात मोठी झालेय.

पण बहुसंख्य प्रेक्षकांना आवडला नाही हे खरं नाहीये हो. मी अंदाजाने बोलत नाहीये. त्या दिवशी दाराशी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेनं घेऊन मीच बसले होते, सिनेमा संपल्यावर चिठ्ठ्या मीच गोळा केल्या, घरी नेऊन एकेक वाचली, टाइप केली आणि प्रिंट ऑफिसात आणून दिला. मूळ चिठ्ठ्या अजून माझ्याकडे आहेत. अर्ध्याहून जास्त लोकांनी आवडला असं स्वच्छ लिहिलंय. ज्यांना नाही आवडला त्यांनीही नुसती फुली मारून सोडलेलं नाही, कारणं दिलीत, आणि ती कारणं इतकी विचार करून लिहिलेली आहेत की ती वाचून मी घरी पुन्हा सिनेमा लावला. तुमच्या नोटिशीत त्यातलं एकही कारण धड आलेलं नाही.

मी हे एवढं का लावून धरतेय ते आधी सांगते. आपलं बडोदं औषधांचं गाव आहे, अलेम्बिक इथे १९०७ पासून आहे, आणि नंतर आजूबाजूला इतक्या कंपन्या आल्या की आपल्या मराठी घरांतून कोणी ना कोणी औषध कंपनीत नोकरीला असतंच. मीही अशाच एका कंपनीत होते, ॲनिमल हाऊसमध्ये. पांढरे उंदीर, गिनी पिग, ससे. सलाईनच्या आणि इंजेक्शनच्या बॅचची पायरोजेन टेस्ट तेव्हा सशांवर व्हायची, म्हणजे सशाच्या कानाच्या शिरेत ते द्यायचं आणि तीन तास त्याचा ताप मोजत बसायचं, ताप चढला तर बॅच नापास. तुमच्या-माझ्या घरातल्या कोणाला सलाईन लागलं आणि त्याने थंडी वाजून ताप आला नाही, यामागे तेव्हा असे ससे असायचे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली यासाठी सरकारी समिती आहे, प्रत्येक संस्थेत एथिक्स कमिटी असते, प्रत्येक प्रयोगाचा कागद असतो, आणि आम्ही ते सगळं नीट पाळायचो. तरी सकाळी खोलीचं दार उघडल्यावर जे डोळे आपल्याकडे वळतात त्यांचं काय करायचं हे कुठल्या कागदात नसतं.

आणि दुसरीकडे घरात सासूबाई होत्या, त्यांना अल्झायमर. ज्यांनी मला पुरणपोळीची कणीक कशी तिंबायची ते हात धरून शिकवलं त्याच मला विचारायच्या, बाई तुम्ही कोणाकडच्या. डोनेपेझिलच्या गोळ्या चालू होत्या, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की याने आजार थांबत नाही, थोडे दिवस जरा बरं चालतं एवढंच. त्या काळात कोणी मला म्हणालं असतं की शंभर चिंपांझींवर प्रयोग करून औषध निघेल तर मी काय म्हटलं असतं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. हा सिनेमा बरोबर याच जागेवर उभा आहे. विल रॉडमन नावाचा शास्त्रज्ञ वडिलांच्या अल्झायमरसाठी औषध शोधतो, ते चिंपांझींवर तपासतो, आणि त्यातूनच सीझर हा हुशार चिंपांझी जन्माला येतो, त्याला विल घरीच वाढवतो. अशा सिनेमाला तुम्ही माकडांचा सिनेमा म्हणून बाजूला सारता तेव्हा मला लागतं. म्हणून हे पत्र.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार, तुम्ही शेवट दाखवलाच नाहीत. सीझर आणि त्याचे सोबती गोल्डन गेट पूल ओलांडून म्युअर वूड्सच्या रेडवूड जंगलात पोचतात, झाडाच्या शेंड्यावरून शहराकडे बघतात, नावं पडायला लागतात, आणि तिथे आपल्याकडे हॉलचे दिवे लागले आणि खुर्च्या सरकायला लागल्या. पण सिनेमा तिथे संपत नाही! नावांच्या मध्येच एक सीन आहे. विलचा शेजारी, जो पायलट आहे, आजारी अंगाने विमानतळावर जातो, नाकातून रक्ताचा थेंब फरशीवर पडतो, आणि मग नकाशावर विमानांच्या रेषा एका शहरातून दुसऱ्या शहरात पसरत अख्ख्या पृथ्वीला वेढतात. विलच्या औषधातला, चिंपांझींना हुशार करणारा तोच विषाणू माणसांना मारणार आहे हे त्या सीनमध्ये कळतं. म्हणजे माणसांचं राज्य माकडांनी लढाईत जिंकून घेतलं नाही, माणसांनीच प्रयोगशाळेत तयार केलेल्या गोष्टीने ते गेलं, आणि सगळ्या सिनेमाचा अर्थच तिथे फिरतो. हा सिनेमा ऑगस्ट २०११ चा आहे. २०२० नंतर तो सीन बघताना माणसाला काय होतं हे त्या दिवशी हॉलमधल्या लोकांना अनुभवायला मिळायला हवं होतं, आपल्यातल्या किती घरांनी त्या दोन वर्षांत माणसं गमावलीत. मग चिठ्ठ्यांत लोकांनी लिहिलं की शेवट अर्धवट वाटला, मूठभर चिंपांझी जंगलात गेले एवढ्याने जग कसं बदलणार. बरोबरच आहे त्यांचं, त्यांना दाखवलेला शेवट अर्धवटच होता. आणि तीच वाक्यं उचलून तुम्ही सिनेमा रद्द करण्याचं कारण म्हणून नोटिशीत घातलीत.

दुसरं, सबटायटल्स. वर्षाच्या पत्रकात मूळ इंग्रजी सबटायटल्ससकट असं छापलं होतं, लावलंत हिंदी डब. हिंदीला माझी हरकत नाही, आपल्या कट्ट्यावर गुजराती शेजारीही येतात, त्यांना हिंदी सोपं पडतं. पण डबमध्ये सबटायटल्स बंद ठेवली आणि त्याने या सिनेमात फार नुकसान होतं, कारण यातली सगळ्यात महत्त्वाची बोलणी आवाजात नाहीतच, हाताच्या खुणांत आहेत. सीझरला पुढे ज्या प्राण्यांच्या आश्रयगृहात ठेवतात तिथल्या पिंजऱ्यात तो आणि मॉरिस नावाचा म्हातारा ओरांगउटान खुणांच्या भाषेत बोलतात, आणि ते काय बोलतात हे पडद्याखालच्या अक्षरांवरूनच कळतं. सीझर एक काडी घेतो, मोडतो, मग काड्यांची जुडी घेतो, ती मोडत नाही. आपल्याकडे हे सगळं मुकं गेलं. त्यामुळे तीन-चार चिठ्ठ्यांत आहे की प्राणी एकदम एकत्र कसे आले कळलं नाही. एकदम नाही आले हो, तासभर सिनेमा तेच दाखवत असतो. आधी मार खाणं, मग मोठ्या गोरिलाला पिंजऱ्यातून मोकळं करून आपल्या बाजूला घेणं, मग बिस्किटं सगळ्यांना वाटायला लावणं. उठाव कसा उभा राहतो याचा इतका धीराने रचलेला भाग मी फार कमी सिनेमांत पाहिलाय.

म्हणजे या दोन मुख्य तक्रारी सिनेमाच्या नाहीतच, आपण तो जसा दाखवला त्याच्या आहेत.

तिसरी तक्रार मुलांची. दाराशी बारा-चौदा वर्षांची काही मुलं आई-वडिलांबरोबर आली होती, त्यांना हिंसा आहे म्हणून परत पाठवलं. मला तसं सांगायला लावलं, मी सांगितलं, आणि त्यांची तोंडं मी पाहिली. अमेरिकेत याला पीजी-१३ सर्टिफिकेट आहे, म्हणजे तेरा वर्षांच्या खालच्यांसोबत पालकांनी लक्ष ठेवावं इतकंच. आणि आता नोटिशीत लिहिता की हा मुलांचा सिनेमा आहे. दोन्ही एकाच वेळी कसं असेल? मुलांचा असेल तर त्यांना आत घ्या, मोठ्यांचा असेल तर मोठ्यांनी त्यावर बोलू द्या. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून गावोगाव पुस्तकांच्या पेट्यांची फिरती वाचनालयं पाठवली, ती पोरंसोरं आणि शेतकरी सगळ्यांसाठी होती, अमुक वयाच्याला अमुक पेटी बंद असं त्यात नव्हतं. आपलं मंडळ त्याच गावात आहे.

चौथं म्हणजे चर्चा. पत्रकात अर्धा तास चर्चा म्हटलं होतं, हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचाय म्हणून ती झाली नाही. लोक जिन्यावर उभं राहून बोलत होते, खाली स्कूटरींपाशी बोलत होते. ते सगळं चिठ्ठ्यांत आलंय म्हणून मी आता त्यातलं थोडं इथे लिहिते, नावं न देता, कारण तुम्ही ते लपवलंत असं मी म्हणणार नाही पण वाचलं नाहीत असं मला वाटतं.

एका निवृत्त शिक्षकांनी दोन्ही बाजू भरून लिहिलंय. त्यांना सिनेमा पटलेला नाही. त्यांचं म्हणणं की यातली माणसं फार सपाट आहेत, विल हुशार शास्त्रज्ञ म्हणून दाखवलाय पण घरी चिंपांझी वाढवण्याचे परिणाम त्याला कळत नाहीत, फ्रीडा पिंटो या मुंबईच्या मुलीला तर प्राण्यांची डॉक्टर बनवून नुसतं बाजूला उभं केलंय, आणि आश्रयगृहातला डॉज हा पोरगा क्रूर का आहे याचं काही कारणच नाही, दुष्ट माणूस हवा म्हणून दुष्ट. मला हे सगळं मान्य आहे. पिंटोची भूमिका काढून टाकली तरी गोष्टीत फरक पडत नाही, हे वाईटच आहे. पण त्याच चिठ्ठीत खाली सर लिहितात की सीझरच्या चेहऱ्यावरून मात्र नजर हटली नाही, आणि माणसं लाकडी असताना प्राणी जिवंत वाटावा हा दिग्दर्शकाचा डावच असेल तर तो साधलाय. नापसंतीची चिठ्ठी म्हणून तुम्ही मोजली ती अशी आहे!

एका इंजिनीअरिंगच्या मुलाने विज्ञानावर झोड उठवलीय आणि त्यातलं बरंचसं बरोबर आहे. एका रात्रीत गॅस हुंगून अख्खं आश्रयगृह हुशार होतं, असा मेंदू एका रात्रीत बदलत नसतो. औषधाचा परिणाम आईच्या पोटातून पिल्लात उतरतो तेही सोयीचं आहे. पण तो पुढे म्हणतो की चिंपांझी बोलूच शकत नाही, त्याचा घसाच तसा नसतो, तिथे मला थोडं थांबवावंसं वाटतं. जुनी समजूत तशीच होती, पण २०१६ साली मॅकाक माकडांच्या घशा-तोंडाच्या हालचालींचे एक्स-रे व्हिडिओ अभ्यासून शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्यांच्या घशाची रचना बोलण्यापुरते स्वर काढायला पुरेशी आहे, कमी पडतो तो मेंदूचा ताबा. म्हणजे मेंदू बदलला तर काय, हा सिनेमाचा प्रश्न अगदीच हवेतला नाही. आणि खुणांची भाषा तर प्रत्यक्षात झालेली आहे, १९६० च्या दशकात वाशू नावाच्या चिंपांझी मादीला अमेरिकेत खुणा शिकवल्या होत्या. त्यानंतरचा निम चिंप्स्की, जन्म १९७३, त्याला न्यूयॉर्कच्या एका घरात माणसाच्या बाळासारखं वाढवलं, कपडे घातले, खुणा शिकवल्या, आणि प्रयोग संपल्यावर परत पिंजऱ्यात पाठवलं, पुढे तर तो औषधांच्या प्रयोगशाळेला विकला गेला. लोकांनी आरडाओरडा केल्यावर सुटला. सीझरला घरातून नेऊन आश्रयगृहात सोडतात आणि तो घरच्या खिडकीची खूण खडूने भिंतीवर काढतो, तो सीन बघताना मला निमच आठवत होता. खऱ्या जगात असं घडून गेलंय, आणि सिनेमापेक्षा वाईट घडलंय. तर या मुलाशी मला भांडायचंय, समोरासमोर, अर्धा तास, चहा पीत. त्यासाठीच तर कट्टा आहे.

आणि सिनेमा आला तेव्हा हे काही जुनं झालेलं नव्हतं. २०११ मध्ये अमेरिकेत चिंपांझींवर वैद्यकीय प्रयोग चालू होते. ऑगस्टमध्ये सिनेमा लागला, त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला की चिंपांझींवरचे बहुतेक प्रयोग अनावश्यक आहेत, आणि २०१५ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने आपले उरलेले चिंपांझी निवृत्त करायचं ठरवलं. सिनेमामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण पडद्यावर जे चाललं होतं ते त्याच काळात खऱ्या कमिट्यांपुढेही चाललं होतं.

एका आजींची चिठ्ठी फक्त दोन ओळींची आहे. विलचे वडील चार्ल्स जेवणाच्या टेबलावर काटा उलटा धरतात आणि सीझर काही न बोलता तो त्यांच्या हातात सुलटा करून देतो, एवढंच त्यांनी लिहिलंय, आणि खाली, आमच्या ह्यांचंही असंच आहे. त्यांना सिनेमा आवडला की नाही ते लिहिलेलंच नाही. मी ती कुठल्या रकान्यात टाकू?

बऱ्याच जणांनी विचारलंय की पुढे काय होणार हे माहीतच असताना बघायचं कशाला. १९६८ चा पहिला सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे की शेवटी पृथ्वीवर वानरांचंच राज्य येतं, मग ते कसं आलं याची आधीची गोष्ट सांगण्यात काय मजा. मला यावर एवढंच म्हणायचंय की अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येत नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं आणि तरी कीर्तनात बुवा तिथे आले की अख्खं देऊळ गप्प होतं. काय होणार हे माहीत असलं की लक्ष कसं होतंय याकडे जातं, कुठल्या क्षणी थांबवता आलं असतं, कोणी थांबवलं नाही. विलने थांबायला हवं होतं अशी निदान चार ठिकाणं मला दिसली. ज्यांनी जुना पाहिला नव्हता अशा तरुण मुलांनी उलट लिहिलंय की आता तो बघायचाय. एका चिठ्ठीत असंही आहे की आपल्या रामायणात वानरसेना माणसाच्या बाजूने लढते, इथे विरुद्ध लढते, कारण रामाने त्यांना बरोबरीने वागवलं. मला हे फार आवडलं.

हिंसेबद्दल दोघा-तिघांनी नाराजी लिहिलीय, प्राणी माणसांना मारतात आणि आपण टाळ्या वाजवतो हे बरं नाही. टाळ्या वाजल्या हे खरं आहे, सीझर डॉजचा हात धरून पहिल्यांदा नाही म्हणतो तेव्हा मीही वाजवल्या. पण तोच सीझर पुलावर आपल्या सोबत्याला पोलिसाचा जीव घेण्यापासून अडवतो तेही बघायला हवं. उलट कोबा हा दुसरा वानर, ज्याच्या अंगावर प्रयोगांचे वण आहेत, तो शेवटी विलच्या औषध कंपनीच्या साहेबाला पुलावरून खाली ढकलतो. दोघांनीही माणसांकडून भोगलंय पण एकाला प्रेमही मिळालं होतं आणि दुसऱ्याला फक्त सुई. त्या दोघांचं पुढे काय होतं तोच २०१४ च्या सिनेमाचा विषय आहे, जो तुम्ही रद्द केलात. त्यानंतरचा २०१७ चाही रद्द केलात. गोष्टीचा पहिला अध्याय वाचून पोथी बांधून ठेवल्यावर लोकांनी हिंसेबद्दल मत बनवायचं तरी कशावरून.

आणि दर्जा म्हणता ना, तर यात एकही खरा चिंपांझी वापरलेला नाही. अँडी सर्किस या नटाने अंगाला हालचाल टिपणाऱ्या खुणा चिकटवून सीझरचं काम केलं आणि न्यूझीलंडच्या वेटा डिजिटलने कॉम्प्युटरवर त्यावर प्राण्याची कातडी चढवली, तेही नुसतं बंद स्टुडिओत नाही तर उघड्यावर, उन्हातही. १९६८ मध्ये हेच काम रबरी मुखवट्यांनी केलं होतं आणि त्या मेकअपसाठी जॉन चेंबर्सना मानद ऑस्कर दिलं गेलं. २०११ च्या सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी नॉमिनेशन मिळालं, सर्किसला नटाचं नॉमिनेशन मिळालं नाही, आणि हा अभिनय की कॉम्प्युटर यावर तेव्हा खूप वाद झाला. आपल्या गावात फाइन आर्ट्सची एवढी मोठी फॅकल्टी आहे, नाटकवाली मंडळी आहेत. त्यांना या वादात बोलायला आवडलं नसतं का?

याच मालिकेच्या १९७२ च्या चौथ्या भागातही वानरांचा उठाव होता, त्यातल्या नायकाचं नावही सीझरच, त्यावर १९६५ च्या लॉस एंजेलिसमधल्या वॉट्सच्या दंगलींची छाया होती. तो आधी काही प्रेक्षकांना दाखवला, त्यांना शेवट फार रक्तरंजित वाटला, म्हणून स्टुडिओने शेवट बदलला आणि सीझरच्या तोंडी क्षमेचं भाषण नंतर रेकॉर्ड करून घातलं. बरोबर केलं की चूक यावर लोक अजून भांडतात. पण निदान त्यांनी प्रेक्षकांचं म्हणणं आधी ऐकून घेतलं, मग निर्णय केला.

नोटिशीबद्दल बोलताना तुमच्यातल्या एका काकांनी मला विचारलं की या सगळ्याचा आपल्या बडोद्याशी संबंध काय. खरंच विचारलं, रागाने नाही, म्हणून नीट उत्तर देते. खंडेराव महाराजांच्या काळात इथे हत्तींच्या झुंजी आणि साठमारी चालायची, मस्तवाल हत्तीला भाल्यांनी आणि आगीने डिवचायचं आणि माणसांनी त्याच्यापुढे पळून दाखवायचं, ते बघायला परदेशातून पाहुणे यायचे. आपले पूर्वज कठड्यावर बसून टाळ्या वाजवत होते. पुढे १८७९ मध्ये सयाजीरावांनी कमाटी बाग उघडली आणि तिथे प्राणीसंग्रहालय झालं, आपण सगळे त्याच पिंजऱ्यांसमोर शेंगदाणे खात लहानाचे मोठे झालो. विश्वामित्रीत मगरी आहेत, पूर आला की त्या सोसायटीत शिरतात, २०२४ च्या ऑगस्टमध्ये किती पकडून परत नदीत सोडल्या, आपलीच तरुण मुलं रात्रभर दोऱ्या घेऊन फिरत होती आणि आपण ती नदी नाल्यासारखी करून टाकलीय यावर मात्र कोणी बोलत नव्हतं. आणि ज्या रीसस माकडांवरून रक्तातल्या आरएच फॅक्टरचं नाव आलं ती माकडं आपल्या देशातून वर्षानुवर्षं परदेशी प्रयोगशाळांत जात होती, पोलिओच्या लसीसाठी त्यांचा फार वापर झाला. १९७८ साली मोरारजीभाईंच्या सरकारने ती निर्यात बंद केली, कारण तिकडे ती माकडं लष्करी किरणोत्सर्गाच्या चाचण्यांत वापरली जात होती. लस हवी होती, ती आपल्यालाही मिळाली, आणि तरी कुठेतरी नाही म्हणावंसं वाटलं. गुजरातच्या माणसाने ते म्हटलं. सिनेमा सॅन फ्रान्सिस्कोत घडतो तो घडू दे, पण हा प्रश्न इथला नाही असं कसं म्हणायचं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

बहुसंख्य प्रेक्षकांना आवडला नाही हे वाक्य नोटिशीतून काढा, कारण ते चिठ्ठ्यांशी जुळत नाही. सगळ्या चिठ्ठ्या, आवडल्याच्या आणि नावडल्याच्या, नावं झाकून वाचनालयाच्या बोर्डावर लावा. टाइप केलेला प्रिंट तुमच्याकडे आहेच, हरवला असेल तर मी पुन्हा काढून देते.

२०१४ आणि २०१७ चे दोन्ही सिनेमे पत्रकात होते तसे दाखवा. त्याआधी एखाद्या संध्याकाळी या पहिल्याचा नावांमधला तो सीन आणि पिंजऱ्यातले खुणांचे सीन सबटायटल्ससकट लावा, वीसेक मिनिटांचं काम आहे, ज्यांनी तेव्हा पाहिलं त्यांना अर्थ लागेल. यापुढे कुठल्याही सिनेमाचे दिवे शेवटचं नाव जाईपर्यंत लावू नका, आणि पत्रकात छापलेली भाषा बदलायची असेल तर आधी कळवा.

बारा वर्षांवरच्या मुलांना पालकांबरोबर आत घ्या. चर्चेचा अर्धा तास हॉलच्या बुकिंगमध्येच धरा. भाडं जास्त पडत असेल तर तेवढी वर्गणी वाढवा, आम्ही देऊ, मी चार जणांशी बोलूनच हे लिहितेय.

आणि तुम्हाला स्वतःला हा सिनेमा आवडला नसेल तर तेही लिहा ना, आपल्या नावाने, आमच्यासारखीच एक चिठ्ठी. ती मी सगळ्यांत वर लावीन. पण आमच्या नावाने लिहू नका.

पुढच्या कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये हे पत्र वाचून दाखवावं आणि उत्तर बोर्डावर लावावं ही विनंती. मूळ चिठ्ठ्या मी मीटिंगच्या दिवशी पिशवीत घेऊन बाहेर बसलेली असेन, कोणालाही बघायच्या असतील तर आत बोलवा.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद
दांडिया बाजार, बडोदे